घाबरट कुत्र्याला दवाखान्यात गोळी कशी द्यायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, अडचणीची प्रकरणं पुढे येतात. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषध कोणतं, किती आणि कधी थांबवायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ते कुत्र्याच्या पोटात कसं पोचवायचं, एवढंच इथे आहे.

१. घरी गोळी मुकाट्याने खातो. दवाखान्यात मात्र आवडत्या खाऊकडेही बघत नाही. असं का?

भीतीमुळे. घाबरलेल्या प्राण्याचं शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं आणि भूक मरते. दवाखान्यात जंतुनाशकाचा आणि इतर घाबरलेल्या जनावरांचा वास असतो, पाय घसरणारी फरशी असते, अनोळखी हात असतात. शिवाय मागच्या वेळची सुई त्याच्या चांगली लक्षात असते.

त्यामुळे त्याने खाऊ नाकारला की तो नखरे करतोय असं समजू नका. आपण पेलू शकत नाही एवढी भीती वाटतेय, हेच तो सांगत असतो. भीती उतरल्याशिवाय गोळी उतरणार नाही, म्हणून पुढच्या निम्म्या उत्तरांत गोळीपेक्षा भीतीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

२. घाबरलाय की हट्ट करतोय, हे ओळखायचं कसं?

अंगाकडे बघा. पोटाखाली गेलेली शेपूट आणि मागे चिकटलेले कान सगळ्यांना कळतात. नजरेतून सुटतात ती बारीक लक्षणं: सारखं स्वतःचं नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, उकडत नसताना धापा टाकणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, पुढचा एक पंजा उचलून धरणं, एकाएकी केस गळू लागणं, फरशीवर ओल्या पंजांचे ठसे उमटणं. एरवी हळुवार खाणारा कुत्रा हातातून खाऊ हिसकावून घेऊ लागला, तर तेही ताणाचंच लक्षण आहे.

सगळ्यात फसवा असतो तो गोठून गेलेला कुत्रा. टेबलावर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि लोक म्हणतात, ‘किती शहाणा आहे!’ तो शांत नसतो, घाबरून थिजलेला असतो. त्याच्या तोंडात हात घालताना जास्त जपा, कारण असा कुत्रा गुरगुरण्याची पायरी गाळून थेट चावू शकतो.

अंग सैल आहे, शेपूट हलतेय आणि तरी गोळी थुंकतोय, तर प्रश्न चवीचा आहे. त्यासाठी प्रश्न ४ ते ६ पाहा.

३. गोळी दवाखान्यातच द्यावी लागते का?

बऱ्याचदा नाही, आणि हे विचारायला लोक उगाच कचरतात. ‘ही आत्ता इथेच द्यायला हवी का, की घरी जाऊन दिली तरी चालेल?’ असं सरळ विचारा. जंताची गोळी, अँटिबायोटिकचा पहिला डोस, सांधेदुखीची गोळी यांना तासाभराने सहसा काही बिघडत नाही. गोळी पोटात गेल्याचं डॉक्टरांना समोर पाहायचं असेल, तर गाडीत किंवा दवाखान्याबाहेरच्या मोकळ्या जागेत देता येईल का, तेही विचारा. दारातून बाहेर पडून थोडं चाललं की खायला तयार होणारे कुत्रे खूप आहेत.

औषध लगेच जायलाच हवं असेल, तर त्या वेळेपुरतं इंजेक्शन चालेल का हा पुढचा प्रश्न. दोघांनी धरून तोंड उघडण्यापेक्षा एक छोटी सुई अनेक कुत्र्यांना कमी त्रासाची वाटते.

४. खाऊत लपवून द्यायची नेमकी पद्धत काय?

गोळी खाऊत खुपसून पुढे केली की कुत्रा पकडतो, आणि पुढच्या वेळी तो खाऊसुद्धा नाकारतो. एका घासाऐवजी घासांची रांग लावा.

आधी मऊ खाऊचे सारख्या आकाराचे, न चावता गिळता येतील एवढे लहान गोळे करून ठेवा. एकाच गोळ्यात औषध घाला. पहिले दोन-तीन घास कोरे द्या, मग औषधाचा, आणि तो तोंडात जाताच पुढचा कोरा घास नाकासमोर धरा. पुढचा घास दिसला की कुत्रा तोंडातला चावत बसत नाही, गिळून टाकतो. शेवटी आणखी एक-दोन कोरे घास द्या. गोळीचा घास कधीही शेवटचा ठेवू नका.

आता बोटांकडे बघा. मेट्रोनिडॅझोलसारख्या कडू गोळीची पूड बोटांना लागते आणि त्याच हाताने वळलेल्या प्रत्येक घासावर वास जातो. तुम्हाला काही जाणवत नाही, कुत्र्याला मात्र पहिल्याच घासाला कळतं. म्हणून गोळी एका हाताने पाकिटातून काढून घासात सोडा, आणि तो घास दुसऱ्या, कोरड्या हाताने बंद करा. कोरे घास आधीच वळून बाजूला ठेवा. पाकिटाचा आवाजही ओळखीचा होतो, त्यामुळे गोळी दुसऱ्या खोलीत काढा.

हा खेळ गोळी नसतानाही अधूनमधून सगळ्या कोऱ्या घासांनी खेळत राहा, म्हणजे घासांची रांग दिसली की औषध येणार असं गणित त्याच्या डोक्यात बसत नाही. आणि गोळी त्याच्या रोजच्या पूर्ण जेवणात मिसळू नका. कडू लागलं तर तो जेवणच सोडून देईल, आणि किती औषध पोटात गेलं ते तुम्हाला कळणार नाही.

५. लपवायला कोणता पदार्थ चांगला? कोणता अजिबात नको?

मऊ, चिकट, वासाचा आणि एरवी न मिळणारा. डब्यातलं ओलं श्वानखाद्य, उकडलेल्या चिकनचा लगदा, उकडलेला बटाटा, चीज, किंवा गोळी लपवण्यासाठीच मिळणारे खळगा असलेले मऊ खाऊ. फ्रिजमधला पदार्थ थोडा कोमट केला की वास सुटतो आणि गोळीचा वास झाकला जातो.

पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरचे घटक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी गोडी कुत्र्यासाठी विष आहे. तिने रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही धोकादायक पातळीला उतरू शकते आणि यकृत निकामी होऊ शकतं. काही डब्यांवर ती ‘बर्च शुगर’ नावाने लिहिलेली असते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि लसूण यांपैकी काही असलेलाही कुठला पदार्थ नको. चीज किंवा दुधाचा पदार्थ देण्याआधी प्रश्न ९ वाचा. कुत्रा पथ्यावर असेल तर प्रश्न १७.

६. गोळी चुरून किंवा तोडून दिली तर?

साध्या गोळीला चालू शकतं, पण आधी विचारा. बऱ्याच गोळ्यांवरचं आवरण कडूपणा झाकण्यासाठी असतं. तोडलं की आतला कडू गाभा उघडा पडतो आणि अवघड काम आणखी अवघड होतं. अर्धी गोळीच द्यायची असेल तर गोळी कापायच्या छोट्या डबीने कापा आणि कापलेली बाजू घासाच्या आत खोल जाईल असं बघा. लहान कडू तुकडे रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरून देण्याचा उपाय चांगला चालतो.

काही औषधं मात्र चुरायची किंवा तोडायची नसतातच: हळूहळू सुटणारी, जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असलेली, आणि ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले दाणे. क्लोराम्ब्युसिल आणि सायक्लोफॉस्फामाइड या कॅन्सरवरच्या औषधांची पूड माणसालाही घातक असते. ती अखंड द्या आणि हातमोजे घाला. गर्भवती स्त्रीने मिसोप्रोस्टॉलची गोळी हाताळूच नये.

७. खाऊने जमलंच नाही तर हाताने तोंडात कशी घालायची?

ही पद्धत अंगाला हात लावू देणाऱ्या कुत्र्यासाठी आहे. गुरगुरणाऱ्या, ताठ झालेल्या किंवा आधी चावलेल्या कुत्र्यावर ती करून पाहू नका (प्रश्न १३).

कुत्र्याच्या समोर उभं राहून वाकू नका, बाजूला बसा. त्याची पाठ भिंतीकडे किंवा तुमच्या अंगाकडे असू द्या. गोळीला थोडं लोणी किंवा ओलं श्वानखाद्य लावा, म्हणजे ती जिभेला चिकटणार नाही.

एक हात वरून त्याच्या तोंडावर ठेवा, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, वरच्या सुळ्यांच्या मागे. तिथे दात नसलेली थोडी जागा असते. नाक किंचित वर करा, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत गोळी धरा आणि मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलकेच खाली ढकला. गोळी जिभेच्या मधोमध, जितकी मागे जाईल तितकी ठेवा. जिभेचा उंचवटा ओलांडला की ती गिळली जाते. अलीकडे राहिली तर जीभच तिला बाहेर ढकलते. बाजूला पडली तर दाढेखाली येऊन फुटते. मग तोंड मिटवा, नाक पुन्हा सरळ पातळीवर आणा आणि गळ्यावरून हलका हात फिरवा. त्याने जीभ काढून नाक चाटलं की बहुतेक वेळा गोळी गेलेली असते.

मान मागे ताणून धरू नका. डोकं फार वर असताना गिळणं कठीण होतं आणि गोळी किंवा पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

गोळीमागून थोडं पाणी किंवा ओला घास द्यायलाच हवा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकू शकते. डॉक्सिसायक्लिन अशी अडकली तर तिथे जखम होते. हे मांजरांत जास्त आढळलं असलं तरी कुत्र्यालाही कोरडी देऊ नये. सिरिंजने पाणी देताना टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं, त्याला गिळायला वेळ देत सोडा. घशात फवारू नका.

बोटं घालायची भीती वाटत असेल तर गोळी सोडण्याची रबरी टोकाची नळी मिळते. पद्धत तीच, फक्त बोटं दातांपासून लांब राहतात. टोक घशात खुपसू नका.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा. तिसऱ्या प्रयत्नापर्यंत कुत्रा आणि माणूस दोघंही घाबरलेले असतात, आणि उद्याची गोळी आणखी कठीण होते. गोळ्यांचा कोर्स पाच-दहा दिवसांचा असतो. आज त्याला कसं वाटलं यावर उद्याचं सगळं ठरतं.

८. गालात दाबून ठेवतो आणि दोन मिनिटांनी सोफ्यामागे थुंकतो. काय करू?

नाक चाटलं म्हणजे गिळलीच असं धरून चालू नका. गोळीनंतर लगेच आणखी दोन घास किंवा पाणी द्या आणि काही मिनिटं त्याला नजरेसमोर ठेवा. वरचा ओठ हलकेच उचलून दाढांच्या बाहेरच्या बाजूला पाहता येतं. ओली होऊन अर्धवट विरघळलेली गोळी सापडली तर तीच परत घासात घालू नका. ती आता आधीपेक्षा कडू असते आणि किती औषध गेलं ते सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारा.

९. कोणती गोळी रिकाम्या पोटी आणि कोणती जेवणासोबत? चीजमध्ये देऊन चालतं का?

प्रत्येक नव्या औषधाबरोबर हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण लपवायचा पदार्थ त्यावर ठरतो. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम ही दुखण्यावरची औषधं खाण्यासोबत देतात. ट्रायलोस्टेन आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलही तशाच. ओमेप्राझोल जेवणाआधी जास्त चांगलं काम करतं. थायरॉईडची गोळी अन्नासोबत कमी शोषली जाते. ती द्यायची पद्धत एकदा ठरली की रोज तीच पाळा, कारण रक्ततपासणीवरून डोस त्याच हिशेबाने बसवलेला असतो.

चीज, दही, दूध यांतलं कॅल्शियम एन्रोफ्लोक्सासिनच्या गटातल्या आणि टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिकांना चिकटतं आणि औषध कमी शोषलं जातं. अशा वेळी चीजऐवजी चिकन किंवा बटाटा घ्या. चीजमध्ये गोळी सुरेख जाते, पण औषध रक्तात पुरेसं पोचतच नाही, आणि हे बाहेरून कुणालाच दिसत नाही.

१०. दवाखान्यात गोळी द्यायचीच आहे. मी काय करावं आणि स्टाफला काय सांगावं?

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: कुत्रा घाबरतो, तोंडाला हात लावू देत नाही, आणि गोळी द्यायची आहे. गर्दी कमी असलेली वेळ मागा. आत बसून वाट पाहण्याऐवजी गाडीत किंवा बाहेर थांबतो, नंबर आला की फोन करा, असं सुचवा. पोटाची तक्रार किंवा उपाशी ठेवण्याची सूचना नसेल तर नेहमीपेक्षा थोडं कमी खाऊ घालून न्या. घरून त्याची पायपुसणी किंवा चटई घ्या, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि घरचा वास सोबत राहतो.

आत गेल्यावर लगेच गोळीचा विषय काढू नका. आधी त्याला हुंगू द्या. कोरे घास जमिनीवर टाकून बघा. उचलत असेल तर प्रश्न ४ ची रांग सुरू करता येते. हातातून घेत नसलेले बरेच कुत्रे ताटलीला लावलेला ओला खाऊ चाटतात. टेबल टाळता येत असेल तर जमिनीवरच द्या. खाऊ तुमच्या हातून जाऊ दे. डॉक्टरांनी बाजूला, नजर न रोखता बसावं. घास पुढे करताना डोक्यावरून हात आणू नका, हनुवटीच्या खालून आणा.

क्रमही महत्त्वाचा. गोळी खाऊ घालण्याची वेळ सुईच्या किंवा कानतपासणीच्या आधी ठेवा. नंतर ठेवली तर तो काही घेणार नाही, आणि खाऊ दिसला की दुखतं असं शिकेल.

हे सगळं मागितल्याने डॉक्टर वैतागतील अशी काळजी करू नका. जनावराला कमीत कमी ताण देऊन तपासायचं शास्त्र आता चांगलं रुजलं आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. सोफिया यिन (१९६६–२०१४) यांनी त्यावर मोठं काम केलं, आणि डॉ. मार्टी बेकर यांनी २०१६ मध्ये ‘फिअर फ्री’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. तुमच्या दवाखान्यात कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का, हे जरूर विचारा.

११. जाण्याआधी भीती कमी करणारी गोळी देतात म्हणे. ती चालते का?

हो, आणि खूप घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी मी तिच्या बाजूने आहे. दर खेपेला भीती वाढत जाण्यापेक्षा औषधाची मदत घेणं दयाळूपणाचं आहे. गॅबापेंटिन आणि ट्रॅझोडोन ही त्यासाठी नेहमी वापरली जाणारी दोन औषधं. ती साधारण दोन तास आधी घरी दिली जातात, काही वेळा आदल्या रात्रीही एक डोस असतो. कुत्रा घाबरून गेल्यावर दिली तर फारसा उपयोग होत नाही.

दवाखान्याची भेट नसलेल्या दिवशी एकदा घरी देऊन पाहा, म्हणजे किती वेळात परिणाम होतो, चालताना तोल जातो का, हे आधीच कळेल. ट्रॅझोडोनने क्वचित कुत्रा उलट जास्त अस्वस्थ होतो. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल असू शकतं, ते देऊ नका. घरातली तुमची झोपेची गोळी तर नाहीच.

अ‍ॅसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटंच दिलं जात असेल तर डॉक्टरांशी चर्चा करा. त्याने अंग सुस्तावतं, पण भीती आत तशीच राहू शकते, आणि आवाजाने दचकणंही वाढू शकतं.

१२. हिरड्यांवर लावायचं जेल दिलंय. ते खाऊतून देऊ का?

नाही. डेक्समेडेटोमिडिनचं हे जेल गाल आणि हिरडी यांच्या मधे लावायचं असतं आणि तिथूनच रक्तात जायला हवं. गिळलं गेलं तर परिणाम फार कमी होतो, म्हणून ते दिल्यावर पंधरा मिनिटं खाऊही देऊ नका. लावताना हातमोजे घाला आणि सिरिंजवरची डोसची कडी नीट लॉक झाली आहे ना, ते देण्याआधी पाहा.

१३. चावायला येतो. मझल (चावू नये म्हणून तोंडाला लावायचं आवरण) घालून गोळी देता येईल का?

जाळीदार, टोपलीसारखं मझल असेल तर येते. त्यात कुत्रा तोंड उघडू शकतो, धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, आणि जाळीतून लांबट घास किंवा चमच्यावरचा ओला खाऊ आत जातो. गोळी त्या घासात. तोंड घट्ट आवळणारं कापडी मझल या कामाचं नाही; ते घालून काही भरवूही नका, आणि फार वेळ घातलं तर कुत्र्याला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही.

मझलची ओळख दवाखान्यात पहिल्यांदा होऊ नये. घरी त्याच्या आत खाऊ ठेवा, कुत्रा आपणहून तोंड घालेल तेवढंच करा, पट्टा बऱ्याच दिवसांनी लावा. मझल लावण्यात कमीपणा काही नाही. ते लावलं की सगळ्यांचे हात स्थिर होतात, आणि स्थिर हातांनी कुत्रा कमी घाबरतो.

तोंड धरून, चार जणांनी दाबून गोळी घालायची वेळ आली तर ‘आज नको’ म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. प्रश्न २० पाहा.

१४. पुढच्या वेळेसाठी घरी काय सराव करावा?

थोडा, पण रोज. ओठाला बोट लागलं की खाऊ. काही दिवसांनी ओठ उचलला की खाऊ. मग तोंडावर हात क्षणभर ठेवला की खाऊ. तोंड किंचित उघडलं की जिभेवर खाऊच ठेवायचा, गोळी नव्हे. रिकाम्या सिरिंजला ओला खाऊ लावून चाटू द्या, नंतर तीतून चिकनचं बिनमिठाचं पाणी द्या. त्याने तोंड बाजूला वळवलं की तुम्ही हात मागे घ्या. आपण ‘नको’ म्हटलेलं इथे ऐकलं जातं, हे कळलेला कुत्रा जास्त वेळ थांबतो.

काम नसताना दवाखान्यात जाऊन दारात खाऊ खाऊन परत या. त्याला त्याच्या झोपायच्या जागेवर किंवा पलंगाखालून ओढून गोळी देऊ नका. ती जागा त्याला सुरक्षित वाटली पाहिजे. हाक मारून बोलावूनही देऊ नका, नाहीतर हाकेला येणंच बंद होईल.

१५. गोळीनंतर उलटी झाली, किंवा डोस चुकला. पुन्हा द्यायची का?

उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी देऊ नका. किती वेळाने झाली आणि त्यात अख्खी गोळी दिसली का, हे पाहून डॉक्टरांना फोन करा. फिट, हृदय किंवा मधुमेहाच्या औषधांत हे विशेष पाळा.

चुकलेला डोस लवकर आठवला तर सहसा देतात, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडतात. दुप्पट कधीच नाही. ‘घेतच नाही’ म्हणून फेनोबार्बिटल (फिटचं औषध) किंवा प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी कळवा.

१६. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायला सांगितलंय, पण सकाळची गोळी खाऊतूनच घेतो.

प्रत्येक औषधाचं नाव घेऊन विचारा. फिटची गोळी सहसा चुकवत नाहीत, इन्सुलिनचा डोस बदलावा लागतो, काही औषधं त्या दिवशी थांबवतात. शांत करणारी गोळी नखाएवढ्या घासातून द्यायला अनेक डॉक्टर परवानगी देतात. न विचारता घास मात्र देऊ नका, आणि दिला गेला असेल तर भूल देण्याआधी सांगा.

१७. कुत्रा पथ्यावर आहे. खाऊ चालेल?

पॅन्क्रियाजला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला चीज, लोणी, पीनट बटर नको. बिनकातडीचं उकडलेलं चिकन किंवा बटाटा बघा. किडनीच्या आणि हृदयाच्या आजारात मीठ सांभाळा. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ठरावीक आहाराची चाचणी चालू असेल तर एक घाससुद्धा आठवड्यांची मेहनत वाया घालवू शकतो. मांसाच्या स्वादाच्या चघळायच्या गोळ्या आणि काही जिलेटिन कॅप्सूलही त्यात येतात. त्याच पथ्याचं डब्यातलं ओलं खाद्य मिळत असेल तर त्याचेच घास करा.

१८. चपट्या नाकाचा आहे, किंवा म्हातारा आहे. काही वेगळं?

पग, बुलडॉग यांना घाबरल्यावर श्वास पुरत नाही. धाप लागलेली असताना तोंड धरू नका, जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर सगळं थांबवून डॉक्टरांना बोलवा. अन्ननलिका सैल पडलेल्या कुत्र्यात कोरडी गोळी पोटापर्यंत पोचतच नाही. त्याला उभ्या स्थितीत भरवणं आणि नंतर काही वेळ तसंच ठेवणं डॉक्टर शिकवतील, शक्य तिथे पातळ औषध देतील.

इतके दिवस घेणारा म्हातारा कुत्रा अचानक नाकारू लागला, तर दात, हिरड्या आणि मान तपासून घ्या. दुखणाऱ्या मानेला नाक वर करणं सोसत नाही.

१९. घरात दोन कुत्रे आहेत.

दुसऱ्याला रांगेत बसवून कोरे घास दिले की चुरशीने पहिला पटकन गिळतो, हे खरं. पण थुंकलेली गोळी दुसरा उचलतो. कॉलीसारख्या काही जातींत एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचा मोठा डोस मेंदूवर परिणाम करतो, म्हणजे एकाला चालणारं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. खाण्यावरून भांडत असतील तर वेगळ्या खोलीतच द्या.

२०. काही केल्या घेत नाही. आता?

डॉक्टरांना सांगा, आणि कोर्स अर्धवट सोडण्याआधी सांगा. औषध देऊन झालंय असं समजून ते पुढचा निर्णय घेत असतात. पर्याय खूप आहेत: स्वादाची चघळायची गोळी, पातळ औषध, चवदार द्रवात मुद्दाम बनवून घेतलेलं औषध, दिवसातून तीनदाऐवजी एकदा द्यायचं दुसरं औषध, गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब. सेफोवेसिन हे अँटिबायोटिक एका इंजेक्शनात चौदा दिवसांपर्यंत काम करतं, पण ते सगळ्या संसर्गांवर चालत नाही. खाजेसाठी लोकिव्हेटमॅब आणि सांधेदुखीसाठी बेडिनव्हेटमॅब ही साधारण महिन्याने घ्यायची इंजेक्शनं आहेत. ती तुमच्या कुत्र्याला लागू पडतात का, ते डॉक्टर सांगतील.

दुखतंय म्हणून घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देण्याचा विचारही नको.

२१. उलटच झालं: स्वादाच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट फोडून खाल्लं!

हे होतं, आणि जी गोळी प्रेमाने खातो तिच्याच बाबतीत होतं. दुखण्यावरच्या स्वादाच्या गोळ्या एकदम खाल्ल्या तर जठराला व्रण आणि किडनीला इजा होऊ शकते. लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका. पाकीट हातात घ्या, किती गोळ्या गेल्या असतील ते मोजा, वेळ आणि कुत्र्याचं वजन लक्षात घेऊन लगेच फोन करा आणि निघा. मीठ पाजून किंवा बोट घालून घरी उलटी करवू नका. पाकीट सोबत न्या, फाटलेलं असलं तरी.